प्रतिमाबाईंची उभी रेघ

एकोणीसशे छप्पन साली राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि मध्य प्रदेशचं हायकोर्ट जबलपुरात आलं. डोमाजी नंदेश्वरांना या घडामोडीचं ना सुख होतं ना दुःख. ते मूळचे भंडाऱ्याकडचे, जबलपूरच्या तोफांच्या फॅक्टरीत टर्नर. सकाळचा भोंगा झाला की लेथवर उभं राहायचं आणि संध्याकाळच्या भोंग्याला अंगावरचा लोखंडाचा कीस झटकून सायकल काढायची, एवढं त्यांचं जग. पण हायकोर्ट आलं की वकील येतात, वकिलांमागून कागद येतात आणि कागदांमागून टायपिस्ट. बघता बघता शहरात घमापूरपासून गोरखपूर मोहल्ल्यापर्यंत टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पाट्या लागल्या. डोमाजींची मुलगी प्रतिमा मॅट्रिक झाली तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी स्थळं सुचवली. डोमाजींनी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि थेट इन्स्टिट्यूटमध्ये नेऊन उभं केलं.

"मशीन ते मशीन," ते म्हणाले. "माही लोखंडाची, तुही अक्षराची. एकदा हात बसला का पोटाची चिंता नाही."

हात असा बसला की सहा महिन्यांत इन्स्टिट्यूटचे मास्तर तिच्या मागे उभे राहून नुसतं ऐकत राहायचे. पुढे तीन वर्षं तिनं एका वकिलाकडे काढली. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, अपिलं. कोणावर कोणतं कलम लागतं हे ती भाजीत मीठ किती पडतं तितक्या सहज सांगायची. मग लग्न झालं. नवरा बळीराम रेल्वेत गार्ड, महिन्यातले पंधरा दिवस इटारसी नाहीतर कटनीत. घर शहराच्या टोकाला, अधारतालला. वकीलसाहेबांनी निवृत्त होताना आपलं जुनं विलायती मशीन तिला देऊन टाकलं आणि मुख्य रस्त्याच्या आतल्या बाजूला, पुढच्याच खोलीत, तिचं दुकान सुरू झालं.

अधारतालला कृषी विद्यापीठ, त्यामुळे गिऱ्हाईक दारात चालत यायचं. गव्हावरचा तांबेरा, मटारावरची भुरी, जवळच्या पनागर गावच्या वांग्यांतली अळी. कुठलाही रोग असो, त्याचा प्रबंध प्रतिमाबाईंच्या बोटांखालून जायचा. शेजारणीच्या वांग्यात अळी निघाली तर त्या आधी तिचं लॅटिन नाव सांगायच्या आणि मग म्हणायच्या, "फेका ते."

अशा या टेबलापुढे एकोणऐंशीच्या जानेवारीत एके दुपारी श्रीपाद उमाळकर येऊन उभे राहिले. शहरातल्या एका कॉलेजात गणिताचे लेक्चरर, वय पस्तिशीचं, बारीक अंगाचे, स्वेटरची एक बाही खडूनं पांढरी. छातीशी कापडी पिशवी धरलेली होती, तान्हं मूल धरावं तशी.

"तुम्ही गणिताचं टाइप करता का?"

"आजवर केलं नाही जी," प्रतिमाबाई म्हणाल्या. "पण अळीचं केलं, भुंग्याचं केलं. गणित काही चावत तर नाही ना?"

उमाळकरांना हसावं की नाही ते कळेना. त्यांनी पिशवीतून हस्तलिखित काढून टेबलावर ठेवलं. दोनशे दहा पानं, नऊ वर्षांची मेहनत. विषय होता अनंत गुणाकार: त्यांची उत्तरं कधी साध्या अपूर्णांकात बसतात आणि कधी बसत नाहीत. प्रतिमाबाईंनी पहिलंच पान उलटलं आणि एका चिन्हावर बोट ठेवलं. दोन उभे खांब, वर आडवी तुळई.

"हे काय? दार आहे का?"

"दारच म्हणा. या दारापुढे जे लिहिलंय, त्या सगळ्यांचा गुणाकार करायचा. आणि वर हे आडवं पडलेलं आठ आहे ना, त्याचा अर्थ गुणाकार संपतच नाही."

"संपत नाही तर मंग उत्तर काहून येते?"

उमाळकर खुर्ची ओढून बसले. नऊ वर्षांत घरच्यांनी, कॉलेजनं आणि मार्गदर्शक सरांनी त्यांना एकच प्रश्न विचारला होता, संपणार कधी? उत्तर कसं येतं हे विचारणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि कागदाच्या पाठीवर लिहिलं: एकातून एक चतुर्थांश वजा, म्हणजे तीन छेद चार. गुणिले एकातून एक नवमांश वजा, म्हणजे आठ छेद नऊ. गुणिले पंधरा छेद सोळा. गुणिले चोवीस छेद पंचवीस. आणि असंच पुढे, थांबायचं नाही.

"प्रत्येक वेळी थोडं थोडं कमी होऊन राहिलं," प्रतिमाबाई म्हणाल्या. "सरतेशेवटी शून्य होईन."

"करून बघा."

त्यांनी केलं. पहिला आकडा तीन छेद चार. दुसऱ्या गुणाकाराला चार छेद सहा. तिसऱ्याला पाच छेद आठ, चौथ्याला सहा छेद दहा. तिथंच त्या थबकल्या. वरचा आकडा एकानं वाढतोय, खालचा दोननं.

"अरे! हे तं अर्ध्याकडे चाललं."

"अर्ध्यावरच जातं. बरोबर अर्धं. अनंत वेळा गुणलं आणि उत्तर आलं अर्धी भाकरी!" उमाळकरांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "पण सगळेच गुणाकार इतके शहाणे नसतात. काहींचं उत्तर कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही. ते अपरिमेय. त्यातही काही नरम असतात. दोनचं वर्गमूळ घ्या, अपूर्णांकात बसत नाही, पण त्याचा वर्ग केला की दोन येतात, म्हणजे एका समीकरणात तरी सापडलं. आणि काही इतके पोचलेले, की पूर्णांकांचं कुठलंही समीकरण मांडा, हाती लागत नाहीत. ते बीजातीत. वर्तुळाचा पाय, शाळेत बावीस छेद सात म्हणून शिकवतात तो, त्यातलाच."

प्रतिमाबाईंना वकिलाकडचे अर्ज आठवले. "म्हणजे असा माणूस का ज्याच्यावर कोणतंच कलम लागत नाही."

"अगदी!" उमाळकर म्हणाले आणि त्यांनी हस्तलिखित तिथंच सोडलं.

काम अवघड होतं. इंग्रजी मजकूर मशीनवर उतरायचा, पण चिन्हं मशीनवर नव्हती. दार, आडवं आठ, ग्रीक अक्षरं या सगळ्यांसाठी जागा सोडायची आणि मागून काळ्या शाईनं हातानं भरायची. त्या जुन्या मशीनवर तर अधिकचं चिन्हसुद्धा नव्हतं. वजा होतं, कारण शब्द जोडायची आडवी रेघ होती. मग प्रतिमाबाईंनी आपली रीत काढली: अधिक असो की वजा, आधी आडवी रेघ मारून घ्यायची आणि शेवटी हस्तलिखित शेजारी ठेवून, जिथं अधिक असेल तिथं पेनानं उभी रेघ ओढायची. एक मूळ प्रत आणि चार कार्बनच्या, म्हणजे प्रत्येक रेघ पाच वेळा. पहिल्या प्रतीवर रेघा ओढून झाल्या की बाकीच्या चार तिच्यावरून करायच्या, म्हणजे हस्तलिखितात पुन्हा डोकं घालायला नको.

मार्चमध्ये काम झालं. उमाळकरांनी पानं चाळली, सुबक दिसताहेत म्हणाले आणि बायंडरकडे धावले. आपलंच लिखाण नऊ वर्षांत शंभरदा वाचलेलं, एकशेएकाव्यांदा कोण वाचणार! प्रबंध लाल कापडात, सोनेरी अक्षरांत बांधून विद्यापीठात दाखल झाला.

सप्टेंबरात एके सकाळी प्रतिमाबाई मशीनची फीत बदलत होत्या. डोमाजी आता निवृत्त होते, बायको गेल्यावर लेकीकडेच राहायला आले होते आणि व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. फाटकापाशी स्कूटर इतकी जोरात थांबली की डोमाजींनी पेपर खाली केला. उमाळकर आत आले आणि लाल प्रबंध त्यांनी टेबलावर आपटला.

"एकेचाळीस पान काढा."

प्रतिमाबाईंनी काढलं. तोच तो गुणाकार होता, तीन छेद चारपासून सुरू होणारा, अर्ध्यावर जाणारा. फक्त दारापुढच्या कंसात एकातून वजा नव्हतं. एक अधिक होतं. आडव्या रेघेवर नीट, सरळ, ठसठशीत उभी रेघ.

"बाहेरचे परीक्षक कलकत्त्याचे आहेत," उमाळकर म्हणाले. "त्यांनी अहवालात काय लिहिलंय माहीत आहे? एकाहून मोठ्या संख्यांचा गुणाकार अर्धा येतो असं उमेदवाराचं म्हणणं दिसतं, तोंडी परीक्षेत याची विशेष चौकशी करावी. विशेष चौकशी! पाचवीतलं पोर करणार नाही अशी चूक. माझे मार्गदर्शक माझ्याशी बोलायला तयार नाहीत."

प्रतिमाबाईंनी उरलेल्या पानांकडे पाहिलंसुद्धा नाही. आपली शाई त्या ओळखत होत्या. "ही रेघ माही आहे सर. त्या पानावर बाकी सगळे अधिकच होते. हात चालत गेला."

"हात चालत गेला! नऊ वर्षं गेली माझी! तुम्ही आपलं गव्हाच्या रोगांचंच करत जा, प्रतिमाबाई. हे तुमचं काम नव्हे."

आणि स्कूटर गेली.

प्रतिमाबाईंनी अर्धवट राहिलेली फीत पुरी बसवली. चूक झाली याचं वाईट वाटत होतंच. पण बारा वर्षं टाइप करताना असं कोणी बोललं नव्हतं. त्यातही 'तुमचं काम नव्हे' हे शब्द. वडिलांच्या पिढीनं ते फार ऐकले होते आणि त्यांना वाटलं होतं, आपल्या वाट्याला ते येणार नाहीत.

डोमाजी आत आले. पेपरची घडी टेबलावर ठेवून ते म्हणाले, "चूक कोणाची?"

"माही."

"मंग रडाचं काय त्यात? चूक आपली असंन तं आपणच जाऊन सांगाव. त्या कलकत्तेवाल्याले सांग."

"परीक्षा असते बाबा ते. टायपिस्टले कोण येऊ देते?"

"तू विचारलं का कोणाले?"

विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी टेम्पोनं शहरात पचपेढीला जाऊन त्यांनी तिथल्या विद्यापीठात विचारलं. बाबूनं चष्म्यावरून पाहिलं आणि सांगितलं की तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही मागे बसावं, येत कुणी नाही हा भाग वेगळा.

परीक्षेला अजून महिना होता. आणि त्या महिन्यात प्रतिमाबाईंना एक वेगळाच चाळा लागला. आपल्या रेघेनं नेमकं केलं काय, हे त्यांना कळायला हवं होतं. वजाचा गुणाकार अर्ध्यावर जातो, मग अधिकचा कुठं जातो? दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या कागद घेऊन बसायच्या. पाच छेद चार, गुणिले दहा छेद नऊ, गुणिले सतरा छेद सोळा, गुणिले सव्वीस छेद पंचवीस. वजाच्या वेळी चौथ्या पायरीला जिना दिसला होता. इथं सहा पायऱ्या झाल्या, आठ झाल्या, आकडे नुसते फुगत गेले आणि जिना काही दिसेना.

डोमाजी दोन दिवस लांबून पाहत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची सरकवली.

"दाखव. हे तं गिअरचं काम आहे."

"गिअरचं?"

"लेथवर आटे पाडाचे असले का गिअरची साखळी बसवा लागते. याचे दाते वर, त्याचे खाली, मंग सगळ्यायचा गुणाकार. तीस वर्षं हेच तं केलं म्या." त्यांनी तिच्या हातातली पेन्सिल घेतली. "हा तुहा वजावाला पाह्य. आठ म्हणजे दोन चोक आठ. पंधरा म्हणजे तीन पंचे पंधरा. चोवीस म्हणजे चार सख चोवीस. आता खाली पाह्य. नऊ म्हणजे तीन त्रिक, सोळा म्हणजे चार चोक. वरचा तीन खालच्या तीनले खाते, वरचा चार खालच्या चारले खाते. सगळे एकमेकायले खाऊन टाकतात, शेवटी उरते काय? अर्धं."

प्रतिमाबाईंनी दुसरा कागद पुढे सरकवला. "आन अधिकवाला?"

"अधिकवाल्यात सतरा आहे. सतराचे भाग पडत नाहीत. सदतीस आहे, तेही तसंच. सतरा दात्याचं गिअर आलं का आमचा फोरमन कपाळाले हात लावे. मधात कुठं कुठं थोडं कटते, पण साखळी लागत नाही पोरी. हे उत्तर अर्ध्या-पाऊणासारखं सुधं नसंन."

बापलेकींनी मग हट्टानं वीस पायऱ्या केल्या. डोमाजी गुणाकार करायचे, प्रतिमाबाई ताळा. विसाव्या पायरीला आकडा पावणेदोनच्या आसपास आला होता आणि अजून मुंगीच्या पावलानं पुढं सरकत होता.

ऑक्टोबरात तोंडी परीक्षा झाली. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत लांब टेबल होतं, मागे फळा. टेबलाशी मार्गदर्शक सर आणि कलकत्त्याहून आलेले परीक्षक, सत्तरीच्या घरातले, धोतर आणि बंद गळ्याचा कोट. मागच्या बाकांवर गणिताचे दोन प्राध्यापक आणि कोपऱ्यात निळी साडी नेसलेल्या प्रतिमाबाई. त्यांना पाहून उमाळकरांच्या हातातला खडू पडला.

तासभर सुरळीत गेलं. मग परीक्षकांनी प्रबंध उघडला. एकेचाळीस पान.

"सर, ते टायपिंगच्या चुकीनं," उमाळकर इंग्रजीत पुटपुटले. "तिथं वजा आहे."

"पाचही प्रतींत एकच चूक?" मार्गदर्शक सरांनी कडवटपणे विचारलं.

मागून बाक सरकल्याचा आवाज झाला. प्रतिमाबाई उभ्या राहिल्या होत्या. तीन वर्षं वकिलाकडे काढलेल्या बाईला उभं राहून बोलायचं कसं ते ठाऊक होतं.

"सर, गलती मेरी है," त्या म्हणाल्या. "मेरी मशीन में प्लस नहीं है. खडी लकीर मैं पेन से लगाती हूँ. सर ने सही लिखा था."

मार्गदर्शक सरांच्या कपाळावर आठी चढली. म्हाताऱ्या परीक्षकांनी मात्र प्रबंध डोळ्यांजवळ नेला, ती रेघ निरखली आणि ते खुदकन हसले.

"फार सरळ रेघ आहे," ते तुटक्या हिंदीत म्हणाले. मग उमाळकरांकडे वळले. "ठीक आहे. वजा असतं तर अर्धं. ते मला मान्य. आता असं समजा की या बाईंनी बरोबर लिहिलंय. अधिक. मग उत्तर काय?"

उमाळकरांनी खडू उचलला. हे त्यांना येत होतं. तीन ओळींत त्यांनी सूत्र मांडलं. उत्तरात वर्तुळाचा पाय होता आणि त्याच्या जोडीला ई या संख्येचा पायवा, म्हणजे पाय इतका, घात. आकड्यात साधारण एक पूर्णांक चौऱ्याऐंशी शतांश.

मागच्या कोपऱ्यात प्रतिमाबाईंनी नकळत मान डोलावली. पावणेदोनच्या पुढं, म्हणजे बरोबर.

"छान," परीक्षक म्हणाले. "तुमच्या प्रबंधाचा विषयच हा आहे. तेव्हा सांगा, ही संख्या परिमेय आहे का?"

उमाळकरांनी फळ्यावरचं सूत्र पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं.

"नसावी, सर."

"नसावी हे मलाही वाटतं. सिद्ध करता येईल?"

"नाही. मला येत नाही."

"मलाही येत नाही," म्हातारा शांतपणे म्हणाला. "माझ्या माहितीत आजवर कुणालाच आलेलं नाही. पाय बीजातीत आहे हे ठाऊक आहे. ई चा पायवा घातही बीजातीत आहे. पण दोघांचं आपसात काही साटंलोटं आहे की नाही, कोण जाणे. वजा असताना सगळं कटून जातं. एक उभी रेघ ओढली आणि आपण सगळे अडाणी." त्यांनी प्रबंध मिटला. "श्री. उमाळकर, शेवटच्या प्रकरणात न सुटलेल्या प्रश्नांची यादी आहे तुमची. तिच्यात हा घाला. आणि बाकीचं काम चांगलं आहे, अभिनंदन."

मग त्यांनी मागे वळून विचारलं, "तुम्ही का मान हलवलीत मघाशी?"

प्रतिमाबाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. वीस पायऱ्यांचा. परीक्षकांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, तेराव्या पायरीवर एक बेरीज दुरुस्त केली आणि विचारलं की हे कोणी शिकवलं. "पिताजी ने. टर्नर थे," प्रतिमाबाई म्हणाल्या. म्हाताऱ्यानं कागद परत दिला तो दोन्ही हातांनी.

त्याच संध्याकाळी उमाळकर अधारतालला आले. हातात खोव्याच्या जिलेबीचा पुडा. अंगणात प्रतिमाबाईंची लहानगी लेक मनीषा खेळत होती, ती पुड्याकडे धावली. डोमाजींनी तिला हातानं थांबवलं.

"सर, जिलेबी ठेवा तिकडं. आधी पोरीले सांगा काय सांगाचं आहे ते."

उमाळकर उभेच राहिले. गणिताच्या डॉक्टरला वाक्य जुळवायला वेळ लागला. "प्रतिमाताई, त्या दिवशी मी जे बोललो ते... ते बोलायला नको होतं. प्रूफ वाचणं माझं काम होतं. मी वाचलं नाही आणि खापर तुमच्यावर फोडलं. आणि काम कोणाचं आहे नि कोणाचं नाही, हे सांगणारा मी कोण?"

"रेघ तं माहीच होती," प्रतिमाबाई म्हणाल्या.

"हो. पण बोलणं माझं होतं."

"चलो, खाऊन घ्या आता," डोमाजी म्हणाले आणि मनीषाचा हात सोडला.

त्यानंतर गणिताचे प्रबंध अधारतालच्याच वाटेला लागले. उमाळकरच पाठवायचे, सागरहून आणि रीव्याहूनही मुलं यायची. प्रतिमाबाईंनी नियम केला की उमेदवारानं प्रत्येक पान समोर बसून वाचायचं आणि खाली सही करायची, तेव्हाच ते पान बायंडरकडे जाईल. मुलं कुरकुरायची. "काहून, हात दुखते का?" त्या विचारायच्या. सह्या व्हायच्या.

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आले. टायपिंगच्या पाट्या एकेक करून उतरल्या. प्रतिमाबाईंना त्याचं फारसं दुःख झालं नाही. अधिकचं बटण असलेलं मशीन कुणाला नको असतं! चव्वेचाळीसाव्या वर्षी त्या मुलांच्या रांगेत बसून कॉम्प्युटर शिकल्या. मनीषा इंजिनिअरिंगला गेली, ती मराठी सगळी समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. डोमाजी ब्याण्णव साली गेले. शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी एक पेन्सिल असायची आणि पेपरच्या कडेला गुणाकार.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात एका रविवारी प्रतिमाबाई व्हरांड्यात पनागरचे मटार सोलत बसल्या होत्या. स्कूटर थांबली. उमाळकरांचे केस पिकले होते, हातात झेरॉक्सचा गठ्ठा होता.

"ताई, सुटला."

"कोण सुटला? जामिनावर?"

"तुमचा गुणाकार! एका रशियन माणसानं दोन वर्षांपूर्वी सोडवला, आपल्याकडे कागद यंदा आला. पायचं आणि त्या दुसऱ्याचं आपसात काही म्हणजे काही साटंलोटं नाही. म्हणजे तुमची संख्या परिमेय नाही, साधी अपरिमेयही नाही. बीजातीत! कुठलंच कलम लागत नाही तिला."

प्रतिमाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "खरंच?"

"छापून आलंय."

"बाबा म्हणले होते. सतरा आहे, सुधं नसंन म्हणले होते." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि हसल्या. "म्हणजे त्यायचं कारण बरोबर होतं का?"

"कारण... तितकंसं नाही. पण उत्तर बरोबर होतं."

"मंग बरोबर कारण कोणतं? सांगा ना."

उमाळकर गठ्ठ्याकडे पाहू लागले. मग इकडंतिकडं पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांगू? मला कळत नाही. तीन महिने झाले, पहिल्याच पानावर अडलोय. रिटायर व्हायला सहा वर्षं राहिली, विद्यार्थ्यांना सांगायची लाज वाटते. म्हणून तुमच्याकडे आलो."

"माह्याकडं? मले काय समजते त्यातलं!"

"तुम्ही प्रश्न विचारता. समोर कुणी विचारणारं असलं की मला सुचतं."

प्रतिमाबाईंनी सुपातले मटार बाजूला सारले आणि एक खुर्ची पुढे ओढली. आतून मनीषाला हाक मारून दोन कप चहा ठेवायला सांगितला. "अच्छा, सांगा. हे पहिलं अक्षर काय आहे? हे कधी टाइप केलं नाही म्या."

पहिल्या दिवशी साडेतीन ओळी झाल्या. पुढच्या रविवारी उमाळकर पुन्हा आले, आणि त्यांच्याबरोबर कोरी शंभर पानी वही होती.